आधी चोर ओळखा, मग पिंजरा लावा

वांग्याचं वीतभर वाढलेलं रोप सकाळी मधोमध कापलेलं दिसलं, की बेंगळुरूतल्या घरांत सहसा दोनपैकी एक गोष्ट होते. कोणीतरी कोपऱ्यावरच्या दुकानातून उंदराच्या औषधाची वडी आणतं, नाहीतर सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर पेस्ट कंट्रोलवाल्याचा नंबर मागितला जातो. दोन्ही गोष्टी घाईच्या आहेत. या शहरातल्या बागेत रोपं कुरतडणारे निदान सहा-सात वेगवेगळे जीव आहेत. त्यांतले काही उंदीर नाहीतच, आणि एकाला लागू पडणारा उपाय दुसऱ्यावर वाया जातो. कधीकधी तर आपण ज्याच्या मागे काठी घेऊन धावतो, तो बिचारा आपल्याच बागेतले किडे खाऊन जगत असतो.

बेंगळुरू उंदरांना मानवतं, त्याला कारणं आहेत. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवरच्या या गावात ना नागपूरचा उन्हाळा, ना उपासमार व्हावी अशी थंडी. एप्रिल-मेच्या वळवापासून ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत पाऊस टप्प्याटप्प्यानं येत राहतो, त्यामुळे हिरवा कोंब बारा महिने मिळतो. प्रत्येक लेआउटमध्ये दोन-चार रिकाम्या साईट असतात. त्यांवर बांधकामाचा राडारोडा, घाणेरीची झुडपं, काँग्रेस गवत. पावसाचं पाणी तलावांकडे नेणारे राजकालुवे त्यांच्या शेजारूनच जातात. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या मोठ्या पावसात नाल्याकाठची बिळं बुडाली की तिथली बिऱ्हाडं वर सरकतात, आणि सर्वांत जवळचं कोरडं, भुसभुशीत, खाऊ असलेलं ठिकाण म्हणजे आपला वाफा किंवा गच्चीवरची कुंडी. गेल्या काही वर्षांत इथे गच्चीवरच्या भाजीपाल्याची हौसही फार वाढली आहे. गार्डन सिटी फार्मर्सचे ‘ऊटा फ्रॉम युवर थोटा’ नावाचे मेळावे ज्यांनी पाहिले असतील त्यांना ते ठाऊक आहे. माणसांसाठी पिकवलेलं जेवण उंदरांनाही आवडतं, एवढंच.

तेव्हा पहिलं काम तपासाचं.

नुकसान दिवसा झालं की रात्री, हे आधी ठरवा. संध्याकाळी अंधार पडताना आणि सकाळी उजाडताना मोबाइलवर फोटो काढून ठेवले तर दोन दिवसांत कळतं. दिवसा होत असेल तर खार किंवा पक्षी. रात्री होत असेल तर उंदीर, घूस, गोगलगाय किंवा अळी. मग काप बघा. कुरतडणाऱ्या प्राण्यांचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि घासून धारदार होतात, त्यामुळे कोवळी फांदी ते विळीनं कापावी तशी, स्वच्छ आणि तिरकी कापतात. टोमॅटोवर किंवा भोपळ्यावर दातांच्या जोडओळी उमटतात. पान मात्र कडेनं ओबडधोबड खाल्लेलं असेल आणि मातीवर वाळलेल्या शेंबडासारखी चकाकती रेघ असेल, तर तो उंदीर नव्हे. ती आफ्रिकन गोगलगाय. १८४७ मध्ये एका इंग्रज हौशी माणसानं कलकत्त्याच्या बागेत सोडलेली ही पाहुणी आता बेंगळुरूच्या प्रत्येक पावसाळ्यात कुंपणाच्या भिंती चढताना दिसते. तिच्यासाठी पिंजरा लावून बसणाऱ्यांना पिंजऱ्यातलं भजं तेवढं शिळं झालेलं मिळेल.

आणखी एक फसवणारी गोष्ट म्हणजे मातीलगत कापलेलं रोप. कोबी, टोमॅटो, मिरचीची नुकती लावलेली रोपं सकाळी आडवी पडलेली असतात, पण खाल्लेली नसतात. हे काम बहुतेक वेळा कापणाऱ्या अळीचं. रोपाभोवतीची माती दोन बोटं खोल उकरली, तर गुंडाळून बसलेली मातकट करडी अळी हाती लागते. उंदीर इतकं कापून टाकून जात नाही. तो निदान कोंब तरी खातो, किंवा तुकडा ओढून बिळाकडे नेतो.

यानंतरही खात्री पटत नसेल, तर रांगोळी काढा. खरोखरच. कुंड्यांमधल्या वाटेवर, वाफ्याच्या कडेला आणि भिंतीलगत संध्याकाळी पांढऱ्या रांगोळीचा पातळ, सपाट थर द्या. पीठ वापरू नका. ते मुंग्या नेतात आणि उंदीर खातात, म्हणजे पाहुण्याला ताट वाढल्यासारखं. रांगोळी दगडाची भुकटी असल्यानं तिच्या वाटेला कोणी जात नाही. सकाळी ठसे मोजा. उंदीर-घुशीच्या पुढच्या पायाची चार बोटं उमटतात आणि मागच्याची पाच. मधून शेपटीची ओढलेली रेघही बरेचदा दिसते. पुढच्या आणि मागच्या दोन्ही पायांची पाच-पाच बोटं उमटली असतील, तर तिथून चिचुंद्री गेली आहे. मांजराच्या ठशात नखं दिसत नाहीत, हेही लक्षात ठेवा. शेजारच्या बोक्यावर आळ येतो तो बहुधा कुंडी उकरल्याचा, आणि तो आळ अनेकदा खरा असतो.

लेंड्या हा दुसरा साक्षीदार. लहान उंदराची लेंडी तांदळाच्या कणीएवढी, टोकदार. मोठ्या उंदराची कॅप्सूलसारखी, सेंटीमीटरभर किंवा थोडी अधिक. घुशीची त्याहून मोठी. पालीच्या विष्ठेला एक पांढरं टोक असतं; तिला उंदराची लेंडी समजून घाबरणारे पुष्कळ आहेत.

आता संशयितांकडे वळू.

खार सर्वांना माहीत आहे. बेंगळुरूत पाठीवर तीन पट्टे असलेली दिसते. महाराष्ट्राच्या बऱ्याच भागात दिसते ती पाच पट्ट्यांची खार वेगळ्या जातीची. इथली खार जास्वंदाच्या कळ्या खुडते, चिकू-पेरू अर्धे खाऊन टाकते, नुकतं पेरलेलं बी उकरते आणि घरट्यासाठी नारळाच्या काथ्याची कुंडी उसवून नेते. मार्च-एप्रिलमध्ये तिची आणि बुलबुलांची फळांवर धाड वाढते, त्यात तहानेचा वाटा मोठा असतो. टोमॅटो-डाळिंबापासून थोडं दूर, सावलीत पाण्याचं पसरट भांडं ठेवलं तर फरक पडतो. बाकी फळांना मलमलीच्या किंवा जाळीच्या पिशव्या बांधायच्या, बी पेरल्यावर पहिले तीन आठवडे वाफ्यावर जाळी ठेवायची आणि उरलेला हिस्सा तिचा म्हणून सोडायचा. खारीला पकडू नका, पिंजऱ्यात ठेवू नका. झाडावरून पिल्लू पडलं, तर खोक्यात मऊ कापड घालून त्याच झाडाच्या बुंध्याशी ठेवा आणि लांब उभे राहा. आई बहुधा येऊन नेते. जखमी असेल, तर केंगेरीजवळ पीपल फॉर ॲनिमल्सचं वन्यजीव रुग्णालय आहे.

चिचुंद्रीबद्दल मी आग्रहानं बोलतो, कारण तिच्यावर सर्वांत जास्त अन्याय होतो. लांब सोंडेसारखं नाक, बारीक डोळे, चिरका आवाज आणि तो प्रसिद्ध वास. ती उंदीर नव्हे, कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या गणातलीही नव्हे. ती झुरळं, किडे, अळ्या, गांडुळं खाते. गांडूळ गेलं याचं वाईट वाटतं खरं, पण झुरळांचा हिशोब मांडला तर ती आपल्याच बाजूची ठरते. पिल्लं एकमेकांची शेपटी धरून रांगेत आईमागून जाताना दिसली, तर हातातला झाडू खाली ठेवा.

मग खरे उंदीर. काळा उंदीर, म्हणजे आपला नेहमीचा घरउंदीर, चढण्यात पटाईत. शेपटी अंगाहून लांब. पाइप, केबल, बोगनवेल, शेजारची झाडाची फांदी यांवरून तो चौथ्या मजल्याच्या गच्चीवर सहज पोचतो. गच्चीवरच्या बागेत रात्री नुकसान होत असेल, तर पहिला संशय याच्यावर. शेंगा, टोमॅटो, मका, फळं आणि ठिबकच्या नळ्याही त्याला चालतात. नळीत पाणी असतं आणि दातांना काम मिळतं. घूस मात्र जमिनीवरची. मोठ्या जातीची घूस किलोभरापर्यंत भरते. लहान जातीची घूस शेतात आणि शहरात दोन्हीकडे आहे. बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग, मधे गटाराच्या किंवा कंपोस्टच्या खड्ड्याच्या दिशेनं गेलेला बोगदा, आणि पायरीच्या खाली पोकळ झालेली जमीन ही तिची सही. रताळी, गाजर, मुळा ती खालून खाते. वर पाला हिरवा असतो आणि उपटायला जावं तर हातात नुसता पाला येतो. मराठी वाचकांनी माळ्याशी बोलताना इथले शब्द वापरावेत, म्हणजे घोटाळा होत नाही: इली म्हणजे उंदीर, हेग्गण म्हणजे घूस, अळिलू म्हणजे खार आणि सोंडिली म्हणजे चिचुंद्री.

शहराच्या कडेला, म्हणजे कनकपुरा रस्ता, सर्जापूर, हेसरघट्टा अशा भागांत राहणाऱ्यांना आणखी पाहुणे भेटतात. त्यांतल्या एकाची, झुडपी उंदराची, गोष्ट सांगण्यासारखी आहे. वॉल्टर एलियट नावाचा मद्रास सेवेतला अधिकारी धारवाडकडे होता. त्या मुलखाला इंग्रज तेव्हा दक्षिण मराठा प्रदेश म्हणत. त्यानं तिथल्या सस्तन प्राण्यांची यादी १८३९ मध्ये छापली आणि उंदरांची स्थानिक नावं, सवयी, बिळं सगळं नीट लिहून ठेवलं. बिळांत साठवलेलं धान्य वडार लोक खणून काढतात, हेही. झुडपी उंदराच्या शास्त्रीय नावात आजही त्याचं नाव आहे. जाड खरखरीत, पिवळसर तपकिरी ठिपक्यांची लोकर, आखूड तोंड, अंगाहून आखूड शेपटी. हा गवताचं गोल घरटं झुडपात बांधतो आणि गवतातून बोगद्यासारख्या वाटा पाडतो. १९व्या शतकात सिलोनच्या कॉफी मळ्यांत कळ्या आणि कोवळे शेंडे कुरतडून त्यानं हाहाकार उडवला होता. मळ्यातले दक्षिण भारतीय मजूर त्याला खोबरेल तेलात तळून खात, अशी नोंद आहे. म्हणजे निदान एका बाजूनं तरी हिशोब चुकता होत होता. तुमच्या बागेत हा दिसला, तर कुंपणालगतचं गवत आणि घाणेरी कापणं पुरतं. आडोसा गेला की तोही जातो.

आणि शेवटचा संशयित असा, की त्याला पाहिल्यावर रागच येत नाही. लांब शेपटीचा झाडउंदीर. अंग जेमतेम सहा-आठ सेंटीमीटर, शेपटी त्याहून पुष्कळ लांब, पाठ तांबूस तपकिरी, पोट पांढरं. रात्री वेलीच्या टोकापर्यंत शेपटीचा आधार घेत चालतो. दख्खनमधल्या या प्राण्याला १८३२ मध्ये शास्त्रीय नाव मिळालं. तो कळ्या, फळं, कोंब खातो, पण त्याचं पोट ते किती. पुनर्लागवडीसाठी वेल उचकटताना पानं-गवताचं मुठीएवढं घरटं सापडलं, तर ती फांदी आठ-पंधरा दिवस तशीच राहू द्या. याच्यासाठी चाप लावणं मला तरी पटत नाही.

चोर घरउंदीर किंवा घूस आहे असं नक्की झालं, तर मात्र मऊ राहून चालत नाही. गर्भधारणेपासून तीनेक आठवड्यांत पिल्लं होतात आणि इथल्या हवेत वर्षभर वेत चालू राहतात. पण मारण्याआधी बोलावणं बंद करा. बागेतल्या उंदरांचं खरं जेवण भाजी नसतं, ती तोंडी लावण्यापुरती असते. खरं जेवण म्हणजे रात्रभर अंगणात राहिलेली कुत्र्याची ताटली, कबुतरांना टाकलेले तांदूळ, आणि उघड्या कंपोस्टमधला शिजवलेला भात-सांबार. बेंगळुरूत ओला कचरा घरी जिरवण्याची चांगली चळवळ आहे; डेली डंपसारख्यांची मातीची ‘खांबा’ भांडी अनेक बाल्कन्यांत दिसतात. भांडं कोणतंही असो, झाकण घट्ट हवं, तळाची भोकं बारीक जाळीनं मढवलेली हवीत, आणि निदान उंदरांचा त्रास असेपर्यंत शिजवलेलं अन्न त्यात नको. खतांमध्येही निवड आहे. शेंगदाणा पेंड आणि हाडांचा चुरा यांच्या वासानं उंदीर कुंडी उकरतात. त्याऐवजी कडुनिंबाची पेंड वापरा. एरंडीची पेंड कुत्रा असलेल्या घरात आणूच नका, ती विषारी असते आणि कुत्री ती आवडीनं खातात.

मग आडोसा. भिंतीला टेकवलेल्या फळ्या, उलट्या घातलेल्या रिकाम्या कुंड्या, एसीच्या बाहेरच्या युनिटखाली साठलेला पाला, गोणपाटांचा ढीग, हे सगळं हलवा. कुंड्या भिंतीपासून वीतभर पुढे आणि विटांवर किंवा स्टँडवर ठेवा, म्हणजे खाली झाडू फिरतो आणि कोणी राहत असेल तर दिसतं. गच्चीला टेकणाऱ्या फांद्या छाटा. खाली उतरणाऱ्या पावसाच्या पाइपच्या तोंडाला जाळी बसवा.

जाळीत लोक फसतात ती भोकाच्या मापात. कोंबड्यांच्या खुराड्याची षटकोनी जाळी उंदराला दरवाजा वाटते, आणि प्लास्टिकची हिरवी जाळी तो एका रात्रीत कापतो. हार्डवेअरच्या दुकानात जस्ताचा मुलामा दिलेली पाव इंची वेल्ड मेश मागा. लहान उंदीर पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून आत शिरतो, त्यामुळे याहून मोठं भोक चालत नाही. वाफ्याच्या कडेनं ती जमिनीत फूटभर खोल पुरा आणि खालची कड बाहेरच्या बाजूला काटकोनात वळवा. घूस कडेशी येऊन खाली खणते आणि वळलेल्या जाळीला अडते. उंच वाफा नव्यानं बांधत असाल, तर माती भरण्याआधी तळालाच ही जाळी अंथरा. एकदाचा खर्च आहे, पण तो विषाच्या वड्यांपेक्षा स्वस्त पडतो, कारण वड्या दर महिन्याला लागतात.

घूस राहते ते बीळ चालू आहे की सोडलेलं, हे ओळखायची शेतकऱ्यांची पद्धत सोपी आहे. संध्याकाळी सगळी भोकं मातीनं बुजवा. सकाळी जी उघडलेली दिसतील, तेवढीच खरी. हेब्बाळजवळच्या कृषी विद्यापीठाच्या जीकेव्हीके परिसरात उंदीर नियंत्रणावरच्या अखिल भारतीय प्रकल्पाचं केंद्र बरीच वर्षं काम करत आलं आहे. नोव्हेंबरच्या सुमारास तिथे भरणाऱ्या कृषिमेळ्यात जाऊन असे प्रश्न थेट विचारता येतात. शहरी बागवाल्यांनी लाजू नये. बिळात हात घालायचा नाही, आणि पाणी ओतायचं असेल तर लांबून. उंदराच्या मागे धामण येते, नागही येतो. धामण दिसली तर तिला जाऊ द्या. ती तुमचंच काम करते आहे.

पिंजरा किंवा चाप लावायचा, तर धीर हवा. उंदीर नव्या वस्तूला बिचकतो. पहिल्या दोन-तीन रात्री पिंजरा उघडा, दार बांधून, आत खाऊ ठेवून तसाच राहू द्या. खाऊ संपायला लागला की मग दार सोडा. खाऊ म्हणून चीज वगैरे सिनेमात ठीक. भजं, उडदाचा वडा, सुक्या खोबऱ्याचा भाजलेला तुकडा, शेंगदाण्याचा कूट गुळात कालवून केलेली गोळी यांना तोड नाही. जागा भिंतीलगतची निवडा, उघड्या मधोमध नव्हे; उंदीर भिंतीला अंग घासत चालतो. रांगोळीवर जिथे ठसे उमटले तीच जागा. दिवसा पिंजरा बंद ठेवा, नाहीतर खार अडकेल.

पकडलेल्याचं काय करायचं, हा प्रश्न घरोघरी वाद लावतो. आजी म्हणते, गणपतीचं वाहन, मारू नका. म्हणून जावई रात्री पिंजरा स्कूटरवर घालून तळ्याकाठी सोडून येतो. तळ्याकाठीही घरं आहेत. आणि अनोळखी जागी सोडलेला उंदीर बहुधा फार दिवस जगत नाही, म्हणजे दयाही होत नाही. घरउंदीर आणि घूस यांच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे: मारायचंच असेल तर पटकन मरेल असा चांगल्या ताकदीचा चाप वापरा, पेटीत किंवा पाइपच्या तुकड्यात ठेवून, म्हणजे मुलाचं बोट किंवा पक्षी त्यात सापडणार नाही. पिंजऱ्यासकट बादलीत बुडवणं आणि चिकट पाट्या या दोन गोष्टी करू नका. चिकट पाटीवर प्राणी तासन्‌तास तडफडतो, आणि तिच्यावर पाल, चिमणी, चिचुंद्री काहीही अडकतं. भारतीय पशुकल्याण मंडळानं या पाट्यांविरुद्ध राज्यांना लिहिलेलं आहे.

विषाबद्दल थोडं सविस्तर, कारण दुकानदार काही सांगत नाही. दुकानात मिळणाऱ्या रंगीत वड्यांमध्ये बहुतेक वेळा ब्रोमाडिओलोन असतं. ते रक्त गोठू देत नाही. उंदीर खातो, पुढचे काही दिवस हिंडतो आणि मग मरतो. त्या मधल्या दिवसांत सुस्तावलेला उंदीर गव्हाणी घुबड, पिंगळा किंवा मांजर उचलतं आणि विष पुढे सरकतं. घरच्या कुत्र्यानं वडी खाल्ल्याची शंका आली, तर लक्षणांची वाट न पाहता वेष्टनासकट प्राण्यांच्या डॉक्टरांकडे न्या. व्हिटॅमिन के-वन हा त्यावर उतारा आहे आणि वेळेत दिला तर उपयोगी पडतो. झिंक फॉस्फाईडची काळी पूड पोटात जाऊन विषारी वायू तयार करते. ती शेतासाठी आहे, कुंड्यांसाठी नव्हे, आणि एकदा खाऊन वाचलेला उंदीर पुन्हा तिला तोंड लावत नाही. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट तर घरात आणूच नये. ती टूथपेस्टसारखी दिसते. खाल्लेल्या माणसाला दोन-तीन दिवस बरं वाटत राहतं आणि मग यकृत निकामी होतं. तिच्यावर उतारा नाही. सोसायटीनं कंत्राटदार लावलाच असेल, तर कुलूप लागणाऱ्या बेट पेट्यांचा आग्रह धरा, त्या कुठे ठेवल्या याचा नकाशा मागा, आणि मेलेले उंदीर रोज कोण उचलणार हे लिहून घ्या.

जाता जाता बाकीच्या उपायांबद्दल. उंदीर पळवणारी आवाजाची यंत्रं घेऊ नका; अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २००१ मध्ये अशा यंत्रांच्या साठाहून अधिक उत्पादकांना आणि विक्रेत्यांना पुराव्याशिवाय दावे करू नका म्हणून ताकीद दिली होती. डांबरगोळ्या मातीत टाकल्या तर माती बिघडते. पुदिन्याच्या तेलानं हात तेवढे सुगंधी होतात. तिखटाचं पाणी खारींवर थोडं चालतं, पण पुढच्या सरीपर्यंतच. मांजर लहान उंदीर धरते, घुशीपुढे मात्र सहसा माघार घेते, आणि रिकाम्या वेळात सरडे-पक्षी मारते.

आरोग्याचं विसरून चालणार नाही. १८९८ च्या ऑगस्टमध्ये बेंगळुरूत प्लेग आला, आणि दाटीच्या पेठेतली माणसं मोकळ्या हवेत नेण्यासाठी बसवनगुडी, मल्लेश्वरमसारख्या वस्त्या भराभर वाढल्या. आज तिथल्या जुन्या बागांचं आपण कौतुक करतो. उंदरावरच्या पिसवांतून प्लेग पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यानं त्याच वर्षी कराचीत दाखवलं. आपल्याकडे १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात आणि मग सुरतेत प्लेगचं नाव पुन्हा ऐकू आलं. त्याआधीचा नोंदलेला मानवी प्लेग १९६६ चा, बेंगळुरूजवळच्या कोलार जिल्ह्यातला. म्हणूनच केंद्र सरकारचं प्लेगवर नजर ठेवणारं केंद्र बेंगळुरूत आहे आणि ते कर्नाटक, आंध्र, तमिळनाडूच्या तिठ्यावरचे रानउंदीर तपासत असतं. आजच्या बागवाल्याला मात्र प्लेगपेक्षा लेप्टोस्पायरोसिसची काळजी जास्त. उंदराच्या मुतातले जंतू ओल्या मातीत टिकतात आणि हातापायाच्या चिरेतून शिरतात. पावसाळ्यात अनवाणी, उघड्या हातांनी माती कालवू नका. लेंड्या कोरड्या झाडू नका. आधी ब्लीचच्या पाण्यानं भिजवा, मग पुसा. कुरतडलेला टोमॅटो खाल्लेला भाग कापून कोशिंबिरीत घालायची काटकसर नको. बागकामानंतर आठवड्या-दोन आठवड्यांत ताप, पोटऱ्यांत दुखणं, लाल डोळे असं काही झालं, तर डॉक्टरांना उंदरांचा विषय आवर्जून सांगा. ते स्वतःहून विचारतीलच असं नाही. उंदीर चावला तर जखम साबणाच्या पाण्यानं भरपूर धुवून त्याच दिवशी दवाखान्यात जा. आणि बागेत एकाएकी, विष न घालता, अनेक उंदीर मरून पडलेले दिसले, तर हात न लावता महापालिकेच्या आरोग्य विभागाला कळवा.

कामांची वेळ साधली तर निम्मा त्रास वाचतो. एप्रिलच्या वळवाआधी राडारोडा आणि गवत काढा, जाळ्यांची भोकं तपासा. सप्टेंबरच्या पावसात गच्चीचे पाइप आणि जिन्याखालची जागा दर आठवड्याला बघा. डिसेंबर-जानेवारीत अवरेकायीच्या, म्हणजे आपल्या पावट्याच्या शेंगा भरतात तेव्हा उंदीर आणि खार दोघेही येतात; वेल कुंपणावर न चढवता मोकळ्या मांडवावर चढवा, मांडवाच्या खांबांना जमिनीपासून तीन फुटांवर गुळगुळीत पत्र्याचा हातभर रुंद पट्टा गुंडाळा, आणि मांडव भिंतीपासून इतका दूर ठेवा की उडी पोचणार नाही. पट्टा बसवल्यावर पहिल्या आठवड्यात रांगोळी पुन्हा एकदा टाकून बघा, ठसे खांबाशी येऊन परत फिरतात की नाही ते.